सैनिकाचं पोट

सात रस्त्याच्या चौकात उभं राहून कुणी वाळवी बघत नाही. रिक्षा, एसट्या आणि दुचाक्या चुकवतानाच सोलापूरकराचा जीव मेटाकुटीला येतो. पण रस्त्याकडेच्या एखाद्या कडुनिंबाशी दोन मिनिटं थांबलं, तर बुंध्यावर चढलेला मातीचा पातळ पापुद्रा दिसतो. गेरू-चुन्याचा पट्टा फिका पडला की पापुद्रा तो ओलांडून वर सरकतो. नखानं जरा खरवडला की आत एकच धांदल उडते. कामकरी वाळव्या अंधाराकडे पळतात. दोनचार सैनिक मात्र उलट फटीच्या तोंडाशी येतात आणि जबडे उघडून उभे राहतात.

दहा पटींचं साधं भिंग जवळ असेल तर आणखी एक गोष्ट दिसते, आणि हा लेख तिच्याबद्दल आहे. कामकरी वाळवीच्या पोटाची कातडी इतकी पातळ असते की आतल्या आतड्याचं तपकिरी वेटोळं बाहेरून कळतं. सैनिकाचं डोकं तांबूस आणि कठीण, जबडे विळ्यासारखे. पण पोट पांढुरकं, जवळजवळ रिकामं वाटावं असं. दोघं एकाच आईची लेकरं आणि एकाच वारुळाची रहिवासी. मग पोटात एवढा फरक का?

याचं उत्तर गेल्या शंभराहून जास्त वर्षांच्या कामात तुकड्यातुकड्यांनी सापडतं. ते तुकडे इथं एकत्र मांडायचे आहेत.

डोकं सैनिकाचं, पोट कामकऱ्याचं

वाळवीची जात ओळखायची तर अभ्यासक आधी सैनिकाचं डोकं बघतात. दख्खनच्या शेतांत आणि रस्त्याकडेच्या झाडांवर सर्रास आढळणाऱ्या ओडोन्टोटर्मिस या प्रजातीच्या सैनिकाच्या डाव्या जबड्यावर एक ठळक दात असतो. मायक्रोटर्मिसचा सैनिक अगदी चिमुकला. ट्रायनर्व्हिटर्मिसच्या सैनिकाला चावणारे जबडे जवळजवळ नसतातच. डोक्याला पुढं सोंडेसारखी नळी असते आणि तिच्यातून तो चिकट रस उडवतो.

या डोकेमोजणीत महाराष्ट्राचा वाटा जुना आहे. 1902 मध्ये जेझुइट कीटकशास्त्रज्ञ एरिश वासमान यांनी भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून काही जातींना नावं दिली. त्यांतल्या ओडोन्टोटर्मिस वॉलोनेन्सिस या जातीच्या नावात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं, मिशनऱ्यांनी 'वॉलन' असं लिहिलेलं ठिकाण आहे. कोप्टोटर्मिस हायमी या नावात हाइम या संग्राहकाची आठवण आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवणारे फादर जोसेफ असमुथ यांनी 1913 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातल्या लाकूड पोखरणाऱ्या वाळव्यांवर लेख लिहिला. त्याच वर्षी स्वीडनच्या नील्स होल्मग्रेन यांनी एका जातीला असमुथ यांचं नाव दिलं. पुढं एम. एल. रूनवाल आणि ओ. बी. छोटानी यांनी भारतातल्या वाळव्यांची दोन खंडांत नोंद केली. पहिला खंड 1989 मध्ये आला, दुसरा छोटानींनी 1997 मध्ये पुरा केला.

आतड्याच्या अभ्यासाची वाट वेगळी. फ्रान्सच्या शार्ल न्वारो यांनी वाळव्यांच्या आतड्यांची तुलना करण्यात आयुष्य घातलं. आफ्रिकेतल्या काही वाळव्यांत सैनिकच नसतात, तिथं डोकं बघून काम भागेना. म्हणून डब्ल्यू. ए. सँड्स यांनी कामकऱ्यांची पोटं उघडली आणि आतड्यातल्या झडपेच्या नक्षीवरून जाती वेगळ्या केल्या. 2001 मध्ये डोनोव्हन, एगल्टन आणि बिग्नेल यांनी कामकऱ्यांच्या पोटातलं अन्न तपासून वाळव्यांचे चार आहारगट पाडले. पहिल्या गटात लाकूड आणि गवत खाणाऱ्या जुन्या कुळांतल्या वाळव्या. दुसऱ्यात टर्मिटिडी कुळातल्या लाकूड, पाचोळा, गवत खाणाऱ्या आणि बुरशी पिकवणाऱ्या. तिसऱ्यात कुजकट माती खाणाऱ्या. चौथ्यात जवळजवळ निव्वळ मातीवर जगणाऱ्या.

म्हणजे एकीकडे सैनिकाचं डोकं, दुसरीकडे कामकऱ्याचं पोट. सैनिकाचं पोट या दोन वाटांच्या मधे पडलं आणि त्याकडे फार थोड्यांनी बघितलं.

आतड्याचा नकाशा

वाळवीचं आतडं तीन भागांचं असतं. पुढच्या भागात अन्न साठवायची पिशवी आणि ते भरडणारी पेषणी. मधला भाग पाचकरस सोडतो. मागचा भाग सगळ्यात लांब, पाच कप्प्यांचा. पहिला नळीसारखा, दुसऱ्यात झडप, म्हणजे अन्नाला मागं फिरू न देणारं दार, तिसरा फुगीर, त्याला आपण पोतडी म्हणू, चौथा पुन्हा नळी, आणि पाचवा गुदाशय, जो उरलंसुरलं पाणी शोषून घेतो.

खरा कारखाना पोतडीत. लाकडातलं सेल्युलोज फोडणारे सूक्ष्मजीव तिथं राहतात. अमेरिकेच्या जोसेफ लीडी यांनी 1877 मध्ये वाळवीच्या पोटातल्या ट्रायकोनिम्फा या केसाळ एकपेशीय जीवाला नाव दिलं. एल. आर. क्लीव्हलँड यांनी 1920 नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिलं की हे जीव मारले तर वाळवी लाकूड खात राहते आणि तरीही उपाशी मरते. अनेक वर्षं असं मानलं जायचं की वाळवीला स्वतःला सेल्युलोज पचवताच येत नाही. 1998 मध्ये जपानी संशोधकांनी वाळवीच्याच पेशीत सेल्युलेजचं जनुक दाखवलं आणि तो समज मोडला. पहिली फोड वाळवी स्वतः करते, पुढचं काम पोटातले भाडेकरू करतात.

अन्न बदललं की आतडं बदलतं

कामकऱ्यांपुरता हा नियम पक्का आहे. कोप्टोटर्मिससारख्या जुन्या कुळांतल्या लाकूडखाऊ वाळवीची पोतडी मोठी आणि एकपेशीय जिवांनी गच्च भरलेली असते. टर्मिटिडी कुळात हे एकपेशीय जीव राहिले नाहीत, तिथं सगळी भिस्त जिवाणूंवर. आज माहीत असलेल्या वाळव्यांच्या जातींपैकी सुमारे तीन चतुर्थांश याच कुळातल्या आहेत, आणि आतड्याची सगळ्यात जास्त रूपंही याच कुळात दिसतात.

माती खाणाऱ्या वाळव्यांचं आतडं लांब आणि कप्पे प्रशस्त. मातीत सत्त्व कमी, म्हणून ती पुष्कळ खावी लागते आणि पोटात जास्त वेळ ठेवावी लागते. आफ्रिकेतल्या क्युबिटर्मिसच्या मागच्या आतड्याच्या पहिल्या कप्प्यात पी-एच 12 च्या आसपास जातो. प्राणिसृष्टीत इतकं अल्कधर्मी पोट क्वचितच सापडेल. चुन्याच्या निवळीसारख्या त्या द्रवात मातीला चिकटलेलं सेंद्रिय द्रव्य सुटं होतं. आपल्याकडे सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या रानांत डायकस्पिडिटर्मिससारख्या मातीखाऊ वाळव्या आहेत.

गवत खाणारी ट्रायनर्व्हिटर्मिस बायफॉर्मिस ही भारताच्या कोरड्या माळरानांची रहिवासी. सोलापूरपासून जवळ असलेल्या नान्नजचा माळ माळढोकासाठी सगळ्यांना माहीत आहे, पण अशा माळावरचं वाळलेलं गवत गुरांच्या आणि टोळांच्या बरोबरीनं वाळवीही कापते. ही वाळवी गवताचे तुकडे करून घरट्यात साठवते.

बुरशी पिकवणाऱ्या वाळव्यांची गोष्ट सगळ्यात नवलाची. आपल्या कडुनिंबावरची ओडोन्टोटर्मिस याच घराण्यातली. कामकरी पालापाचोळा, साल, लाकूड खातात. ते जेमतेम पचवून विष्ठेच्या रूपात वारुळात रचतात आणि त्यावर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढवतात. बुरशीच्या पांढऱ्या गाठी कोवळे कामकरी खातात; जुनी झालेली बुरशीची चाळण वयस्क कामकरी. पावसाळ्यात हीच बुरशी वारुळातून छत्र्या वर काढते, आणि गोव्याच्या बाजारात तीच रोणाची आळमी म्हणून महाग विकली जाते. पचनाचा मोठा भाग पोटाबाहेर, बागेतच उरकतो. म्हणून या कामकऱ्यांचं आतडं मातीखाऊंपेक्षा साधं असतं.

इथंच सैनिकाच्या प्रश्नाची किल्ली आहे. पोटाबाहेर जेवढं पचन होतं, तेवढं आतडं साधं राहतं. मग सैनिकाच्या बाबतीत पोटाबाहेर किती पचन होतं?

सैनिकाची माधुकरी

जवळजवळ सगळंच. विळ्यासारख्या जबड्यांनी शत्रू कापता येतो, लाकूड चावता येत नाही. सोंडवाल्या सैनिकाला तर कापायलाही जबडा नाही. सैनिकाला कामकरी भरवतात. पूर्वी वार लावून जेवणारा विद्यार्थी जसा रोज एका घरी पानावर बसायचा, तसा सैनिक येणाऱ्या-जाणाऱ्या कामकऱ्याच्या तोंडाशी तोंड नेतो आणि घास मागतो.

घास तीन प्रकारचा असू शकतो. एक, निव्वळ लाळ: पातळ आणि सहज पचणारी. दोन, अन्नपिशवीतून परत काढलेलं, अर्धवट भरडलेलं अन्न. तीन, जुन्या कुळांत कामकऱ्याच्या मागच्या आतड्यातून मिळणारा थेंब, ज्यात एकपेशीय जीवही असतात. सोलापुरी कडक भाकरीचं उदाहरण घ्या. धडधाकट माणूस ती कडकडा मोडून खातो, दात गेलेल्या आजीला तीच भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागते, आणि आजारी माणसाला नुसती पेज. पीठ एकच, पण पोटावर पडणारं काम वेगळं.

माझ्या मते या सगळ्या आढाव्याचं सार एवढंच आहे: सैनिकाचं आतडं वसाहत काय खाते यापेक्षा, ते अन्न सैनिकापर्यंत कोणत्या अवस्थेत पोचतं हे सांगतं. भाकरी, कुस्करा की पेज, हा खरा प्रश्न.

ओडोन्टोटर्मिसच्या सैनिकाचं पोट पांढुरकं दिसतं, कारण त्यात माती, साल, चोथा नाही. कामकऱ्यांनी दिलेला द्रव आहे. द्रवाला मोठी पोतडी लागत नाही, दीर्घ मुक्काम लागत नाही आणि मागं फारसा मळही उरत नाही. मातीखाऊ जातींत सैनिकाला काय मिळतं, यावर त्याचं आतडं ठरेल. लाळ मिळत असेल तर तेही बारीक. मातीचा कालवलेला घास मिळत असेल तर पोतडीही हवी आणि कामकऱ्यासारखे कप्पेही. म्हणून एकाच आहारगटातल्या दोन जातींच्या सैनिकांची पोटं सारखी असतीलच असं धरून चालता येत नाही. गट कामकऱ्यांच्या जेवणावरून पाडलेत, सैनिकांच्या नव्हे.

कात टाकताना काय होतं

सैनिक जन्मतः सैनिक नसतो. कामकरी किंवा पिल्लू एक कात टाकून 'पांढरा सैनिक' होतं, आणि दुसरी कात टाकून पुरा सैनिक. हे वळण शरीरातल्या बालसंप्रेरकाचं प्रमाण वाढल्यामुळं येतं. इटलीच्या बाट्टिस्टा ग्रास्सी यांनी 1893 मध्येच, कोण काय होणार हे अन्नावर ठरतं, असं मांडलं होतं. आज संप्रेरकांची भाषा आली असली, तरी कोणाला किती आणि काय भरवायचं हा वसाहतीचा निर्णय त्या संप्रेरकांच्या मागं असतोच.

कात टाकण्याआधी वाळवी आपलं आतडं रिकामं करते, आणि आतड्याच्या पुढच्या-मागच्या भागांचं अस्तरही कातीबरोबर जातं. जुन्या कुळांत या वेळी पोटातले एकपेशीय जीव नाहीसे होतात. ते घरातल्यांकडून पुन्हा मिळवावे लागतात. म्हणजे सैनिक होताना पोटाची पाटी कोरी होते. तिच्यावर पुढं काय लिहिलं जाईल ते भरवणाऱ्यांच्या हाती. रेटिक्युलिटर्मिस या लाकूडखाऊ वाळवीच्या वसाहतीतल्या चार वर्गांमधल्या एकपेशीय जिवांची मोजणी 2004 मध्ये लुइस आणि फोर्शलर यांनी केली. सैनिकांच्या पोटात हे जीव होते, पण कामकऱ्यांपेक्षा कमी. भाकरी मोडायचं काम नसेल तर भाकरी मोडणारे हातही कमीच ठेवायचे, हा हिशेब इथं दिसतो.

आणखी एक गोष्ट. मराठीत आपण 'सैनिक' म्हणतो आणि पुरुष डोळ्यापुढं येतो. ओडोन्टोटर्मिसच्या घराण्यात सैनिक माद्या असतात. सोंडवाल्या ट्रायनर्व्हिटर्मिसच्या घराण्यात नर. पोटाचा विचार करताना हा फरकही विसरता येत नाही, कारण लिंगाबरोबर वाढीचा मार्ग बदलतो.

जागेचं भांडण

आतडं लहान का, याला आहाराखेरीज आणखी एक कारण आहे: जागा. सैनिकाच्या पोटात शस्त्रागारही असतं.

कोप्टोटर्मिसच्या सैनिकाला डिवचलं की कपाळावरच्या छिद्रातून दुधासारखा चिकट थेंब बाहेर येतो. ज्या ग्रंथीतून तो येतो तिची पिशवी डोक्यात मावत नाही, ती मागं पोटापर्यंत पसरलेली असते. ओडोन्टोटर्मिसमध्ये शस्त्र लाळेचं. आफ्रिकेतल्या ओडोन्टोटर्मिस बॅडियसच्या सैनिकी लाळेत बेंझोक्विनोन आणि प्रथिनं सापडली. हवेत ती घट्ट, रबरासारखी होते आणि मुंग्यांचे पाय जखडते. बुरशी पिकवणाऱ्याच मॅक्रोटर्मिसच्या सैनिकांत या लाळेच्या पिशव्या पोटात शिरलेल्या असतात. आग्नेय आशियातला ग्लोबिटर्मिस सल्फ्युरियस तर पुढचा. त्याच्या पोटात पिवळी ग्रंथी भरलेली, आणि झुंजीत तो स्वतःचं शरीर फाडून तो पिवळा रस शत्रूवर ओततो.

अशा सैनिकाच्या पोटात मोठी पोतडी ठेवायला जागाच नाही. पण आहार हलका म्हणून आतडं आक्रसलं आणि मोकळ्या जागेत ग्रंथी वाढली, की ग्रंथीला जागा हवी म्हणून आहार पातळ झाला? नुसतं पोट उघडून याचा निकाल लागत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालून आल्या असाव्यात. ग्रंथी लहान असलेल्या पण पातळ अन्नावर जगणाऱ्या सैनिकाचं आतडं जर तितकंच आक्रसलेलं निघालं, तर पारडं आहाराकडे झुकेल. तपास करायचा तर इथून करावा.

पोटातली वस्ती

आकार हा पुराव्याचा एक भाग, वस्ती हा दुसरा. 2006 मध्ये होंगोह आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी मॅक्रोटर्मिस गिल्व्हस या बुरशी पिकवणाऱ्या वाळवीच्या एकाच वसाहतीतले कामकरी आणि सैनिक वेगवेगळे घेऊन, वय लक्षात घेऊन, त्यांच्या पोटातले जिवाणू तपासले. छप्पर एक, बाग एक, तरी वस्तीत फरक निघाला.

याहून बोलका पुरावा राणीचा. 2014 मध्ये मायकेल पोल्सन यांच्या गटाने मॅक्रोटर्मिस नेटालेन्सिस या आफ्रिकी वाळवीची बुरशी, जिवाणू आणि वाळवी अशी तिघांची जनुकं एकत्र अभ्यासली. कामकऱ्यांच्या पोटात जिवाणूंची गजबज. राणीच्या पोटात मात्र जवळजवळ एकाच जिवाणूचं राज्य. राणीला चावायचं काम नाही, पचवायचा चोथा नाही, कामकरी भरवतात तेवढं गिळायचं. राणी आणि सैनिक यांचं काम दोन टोकांचं, पण ताटात वाढलेलं सारखंच: दुसऱ्यानं पचवलेलं. पोट साधं होणं ही सैनिकाची खास गोष्ट नसून परावलंबी जेवणाची खूण आहे, हा मुद्दा राणीमुळं बळकट होतो.

मग आहार किती, घराणं किती?

आतापर्यंतच्या कामावरून तीन गोष्टी ठामपणे सांगता येतात. कामकऱ्याच्या आतड्याचा आकार आहाराप्रमाणे बदलतो. सैनिक परक्याच्या हातचं खातो, आणि त्याच्या पोटाचा रंग, भार आणि वस्ती त्या भरवण्याशी जुळते. आणि सैनिकाच्या पोटातल्या जागेवर शस्त्राच्या ग्रंथींचाही हक्क असतो.

चौथी गोष्ट घराण्याची. झडपेची नक्षी, पहिल्या कप्प्याचं वळण, मधल्या आणि मागच्या आतड्याच्या सांध्याची मिसळण ही कुळाची ठेव असते. सैनिकाचं आतडं कितीही बारीक झालं तरी तो सांगाडा वडिलोपार्जितच राहतो. आहार त्या सांगाड्यावर मांस कमी-जास्त करतो. म्हणून दोन जातींच्या सैनिकांची पोटं सारखी दिसली की लगेच 'आहार सारखा' म्हणू नये. आधी त्या एकमेकींच्या सख्ख्या की चुलत, हे बघावं. अशी तुलना जवळच्या नात्यातल्या, पण वेगवेगळं खाणाऱ्या जातींमध्येच खरी ठरते.

सैन्य पोटावर चालतं, हे मराठी माणसाला पानिपतानं फार महाग किमतीत शिकवलं. तिथं लढणाऱ्यांना न लढणाऱ्या बाजारबुणग्यांचं ओझं झालं होतं. वारुळात उलटं आहे: लढणारे हेच खाणारे, आणि न लढणारे त्यांना पोसणारे. म्हणून वसाहतीत सैनिकांची संख्या बेताची असते. एक सैनिक वाढला की एक भरवणारा कमी, आणि भरवायला एक तोंड जास्त.

दख्खनमध्ये हा प्रश्न सोडवायला सोय चांगली आहे. ऊस आणि ज्वारीच्या रानात बुरशी पिकवणारी ओडोन्टोटर्मिस आणि मायक्रोटर्मिस, माळावर गवत कापणारी ट्रायनर्व्हिटर्मिस, जुन्या वाड्यांच्या तुळयांत लाकूड खाणारी कोप्टोटर्मिस: तीन आहार, तीन तऱ्हेचे सैनिक, आणि तेही एका जिल्ह्याच्या आसपास शोधता येतील असे. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एकच विनंती. नमुने गोळा करताना सैनिकाचं डोकं मोजून शरीर टाकून देऊ नका. एकाच फटीतले दहा कामकरी आणि दहा सैनिक ताजे असताना उघडा, पोटाचा रंग लिहा, आतड्याची लांबी शरीराच्या लांबीशी ताडून पाहा, आणि मगच अल्कोहोलमध्ये ठेवा. अल्कोहोलमध्ये रंग उडतो आणि पांढरं पोट खरंच पांढरं होतं की नाही, हे कळायला मार्ग राहत नाही.

आणि ज्यांना वाळवीशी फक्त घराच्या चौकटीपुरतं देणंघेणं आहे, त्यांनाही या पोटाचा उपयोग आहे. फटीतून जबडे उघडून येणारा सैनिक मारून काही साधत नाही. लाकूड त्यानं खाल्लेलं नसतं. म्हणूनच कोप्टोटर्मिससारख्या लाकूडखाऊ वाळव्यांसाठी सावकाश काम करणारं आमिष वापरतात. ते कामकरी खातात, आणि त्यांच्या तोंडून सैनिकांपर्यंत आपोआप पोचतं. कामकरी संपले की उरलेला सैनिक, जबडे शाबूत असूनही, उपाशी मरतो.